वीस बाटल्यांचा वारसा : विल्यम जेम्स बील

तणाचे बी जमिनीत किती वर्षे जिवंत राहते, हा प्रश्न शेती करणाऱ्या प्रत्येक पिढीला पडत आला आहे. शेत कितीही खुरपले, कितीही बेणले, तरी पुढच्या पावसात तीच गवते आणि तीच तणे पुन्हा डोके वर काढतात. हे बी वाऱ्याने नव्याने येते, की आधीपासूनच मातीत दडून असते? दडून असेल, तर किती काळ? अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जेम्स बील यांनी १८७९ साली हा प्रश्न गांभीर्याने हाती घेतला आणि त्याच्या उत्तरासाठी असा प्रयोग मांडला, की ज्याचा शेवट पाहणे त्यांना स्वतःला कदापि शक्य नव्हते. बील १९२४ मध्ये निवर्तले. प्रयोग मात्र आजही चालू आहे.

बील यांचा जन्म ११ मार्च १८३३ रोजी मिशिगनमधील एड्रियन या गावी झाला. मिशिगन तेव्हा अमेरिकेचे राज्यही नव्हते. तो दर्जा त्याला १८३७ मध्ये मिळाला. घराणे क्वेकर पंथाचे, व्यवसाय शेतीचा. जंगल तोडून, बुंधे उपटून, मिळालेली जमीन नांगराखाली आणण्याचे ते दिवस होते. अशा घरात वाढलेल्या मुलाला पीक आणि तण यांतील झगडा पुस्तकातून शिकावा लागला नाही. अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठातून ते १८५९ मध्ये पदवीधर झाले. चार्ल्स डार्विन यांचा जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ त्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. हा योगायोग पुढे बील यांच्या आयुष्यात अर्थपूर्ण ठरला.

काही काळ न्यूयॉर्क राज्यात शिक्षकी केल्यावर ते हार्वर्डला गेले. तेथे त्यांना दोन गुरू लाभले आणि हे दोन्ही गुरू त्या काळातील सर्वांत मोठ्या वैज्ञानिक वादात एकमेकांसमोर उभे होते. प्राणिशास्त्रज्ञ लुई आगासी यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत अखेरपर्यंत मान्य केला नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे हे तर डार्विन यांचे स्नेही आणि अमेरिकेतील त्यांचे खंदे समर्थक. आगासी यांची शिकवण्याची रीत प्रसिद्ध होती. विद्यार्थ्यापुढे एखादा नमुना ठेवायचा, पुस्तक द्यायचे नाही, मदतही करायची नाही. त्याने तासन्‌तास, प्रसंगी दिवसेंदिवस तो नमुना न्याहाळून स्वतःला काय दिसते ते सांगायचे. बील यांनी आगासी यांच्याकडून ही निरीक्षणाची शिस्त उचलली आणि सिद्धांताच्या बाबतीत मात्र ते ग्रे आणि डार्विन यांच्या बाजूला राहिले.

१८७० मध्ये ते मिशिगन कृषी महाविद्यालयात रुजू झाले. आज मिशिगन स्टेट विद्यापीठ म्हणून ओळखली जाणारी ही संस्था तेव्हा जंगलात साफ केलेल्या जागेवर उभी होती. विद्यार्थ्यांना वर्गातील अभ्यासाबरोबर शेतावर अंगमेहनतीचे काम करावे लागे. बील यांनी आयुष्याची पुढली चाळीस वर्षे याच ठिकाणी घालवली. वनस्पतिशास्त्र म्हणजे लॅटिन नावे पाठ करणे आणि वाळलेली फुले कागदावर चिकटवणे, अशी समजूत तेव्हा रूढ होती. बील यांनी विद्यार्थ्यांच्या हाती आधी जिवंत झाड दिले, मग सूक्ष्मदर्शक आणि शेवटी पुस्तक. या पद्धतीला ते नवे वनस्पतिशास्त्र म्हणत आणि १८८० च्या सुमारास त्यांनी तिचा जाहीर पुरस्कार केला. पुढे अमेरिकी उद्यानविद्येचे अध्वर्यू ठरलेले लिबर्टी हाइड बेली हे त्यांचेच विद्यार्थी.

१८७३ मध्ये महाविद्यालयाच्या आवारातील एका ओहोळाकाठच्या सखल जागेत बील यांनी चाऱ्याची गवते लावली. त्यातून वनस्पती उद्यान आकाराला आले. विद्यापीठांच्या आवारात अखंड चालू राहिलेल्या अमेरिकेतील उद्यानांत ते सर्वांत जुने मानले जाते आणि आज त्याला बील यांचेच नाव आहे. गवतांवरील त्यांचा अभ्यास पुढे उत्तर अमेरिकेतील गवतांविषयीच्या दोन खंडांत प्रसिद्ध झाला. पहिला खंड १८८७ मध्ये निघाला, दुसरा १८९६ मध्ये.

डार्विन यांनी १८७६ मध्ये परपरागण आणि स्वपरागण यांच्या परिणामांवर ग्रंथ लिहिला. परक्या परागाने धरलेल्या बियांपासून येणारी रोपे अधिक जोमदार असतात, हे त्यांनी अनेक वनस्पतींवर प्रयोग करून दाखवले होते. डार्विन यांच्याशी पत्रव्यवहार असलेल्या बील यांनी हा विचार थेट मक्याच्या शेतात आणला. मक्याच्या दोन वाणांच्या शेजारी शेजारी ओळी लावायच्या, त्यांपैकी एका वाणाचे तुरे पराग सुटण्यापूर्वीच खुडायचे, म्हणजे त्याच्या कणसांना दुसऱ्याच वाणाचा पराग मिळणार, अशी ही साधी युक्ती होती. १८७७ पासूनच्या या प्रयोगांत संकरित बियाण्याचे उत्पन्न साध्या बियाण्याहून स्पष्टपणे अधिक आले. उत्पन्न वाढावे या हेतूने मक्याचा नियंत्रित संकर करणाऱ्यांत बील हे आद्य होत. जॉर्ज शल यांनी १९०८ मध्ये शुद्ध वंशांच्या संकराची शास्त्रीय बैठक घातली आणि विसाव्या शतकात संकरित मका जगभर पसरला. त्या वाटेवरील पहिल्या पावलांत मिशिगनमधील हे शेत आहे.

मक्याचे हे यश ताजे असतानाच, १८७९ च्या शरद ऋतूत, बील यांनी आपला दुसरा प्रयोग जमिनीत पुरला. त्यात दिपवून टाकणारे काहीच नव्हते. परिसरात आढळणाऱ्या २१ जातींच्या वनस्पतींचे ताजे बी त्यांनी निवडले. त्यांतील बहुतेक शेतकऱ्याला नकोशी असलेली तणे होती. मराठी वाचकाला यांतील काही नावे परकी वाटणार नाहीत. घोळूची भाजी म्हणून आपण जी खातो ती घोळ त्यांत होती, काळी मोहरी होती आणि माठाच्या कुळातील एक रानटी जातही होती. प्रत्येक जातीच्या ५० बिया मोजून त्या ओलसर वाळूत मिसळल्या. असे मिश्रण भरून २० बाटल्या तयार झाल्या. एका बाटलीत १०५० बिया, वीस बाटल्यांत मिळून २१ हजार.

बाटल्यांना बुचे लावली नव्हती. त्या तोंडाकडून खाली उतरत्या ठेवल्या होत्या, म्हणजे ओलावा आणि हवा आत जावी, पण पाणी साचून बी कुजू नये. वाळूच्या एका उंचवट्यावर, सुमारे २० इंच खोल, पूर्वपश्चिम ओळीत बाटल्या पुरण्यात आल्या आणि जागेची नोंद ठेवण्यात आली. दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची, वाळू पसरून पाणी घालायचे आणि काय उगवते ते मोजायचे, असा बेत होता. या हिशेबाने शंभर वर्षे लागणार होती. बील तेव्हा ४६ वर्षांचे होते.

या प्रयोगाचे मोठेपण कळण्यासाठी बीज म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यावे लागते. बीज हे जिवंत रोपटे असते. त्यात भ्रूण असतो, त्याची शिदोरी असते आणि दोहोंवर कवच असते. परिपक्व होताना ते आपल्यातील बहुतेक पाणी टाकून देते आणि त्याचे जीवनव्यापार जवळजवळ थांबतात. पुन्हा पाणी मिळाले की ते फुगते, आतील विकरे कामाला लागतात, साठवलेल्या अन्नाचे विघटन सुरू होते आणि कवच फोडून आधी मूळ बाहेर येते, नंतर कोंब. भात, हरभरा, गहू अशा पिकांत हे लवकर घडते, कारण हजारो वर्षे माणसाने पेरताच उगवणारे बीच निवडून ठेवले. रानातल्या वनस्पतीला मात्र ही घाई परवडत नाही. अवेळी पडलेल्या एखाद्या सरीने सगळे बी एकदम उगवले आणि पाठोपाठ उन्हाचा किंवा बर्फाचा तडाखा बसला, तर वंशच संपायचा. म्हणून पाणी आणि हवा मिळूनही रानबी थांबते. या थांबण्याला सुप्तावस्था म्हणतात.

सुप्तावस्थेची कुलुपे अनेक प्रकारची असतात. काही बियांचे कवच इतके कठीण असते की आत पाणीच शिरत नाही. ते घासले जावे, तडकावे किंवा काळाने झिजावे लागते. काही बियांना हिवाळ्याची दीर्घ थंडी अनुभवल्याशिवाय वसंत आल्याचे कळत नाही. काहींना उजेड लागतो. बियांच्या आत दोन संप्रेरकांची ओढाताण चालू असते. अ‍ॅब्सिसिक आम्ल भ्रूणाला रोखून धरते, तर जिबरेलिन त्याला पुढे ढकलते. जिबरेलिनचा शोध भाताच्या शेतातून लागला, ही गोष्ट तांदूळ खाणाऱ्या प्रदेशांतील वाचकांना रंजक वाटावी. एका बुरशीमुळे भाताची रोपे भलतीच उंच आणि किडकिडीत होतात. हा परिणाम बुरशीच्या स्रावामुळे होतो, हे जपानी शास्त्रज्ञ एइइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवले. तोवर बील यांच्या मृत्यूला दोन वर्षे लोटली होती.

प्रयोग पुरला त्याच सुमारास बील यांच्या आग्रहाने महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. लाकडी बांधणीची ती देखणी इमारत १८९० मध्ये आगीत जळून गेली. डोळ्यांसमोर उभारलेली वास्तू दहा वर्षांत राख झाली आणि वाळूतल्या बाटल्या मात्र जागच्या जागी राहिल्या. बील खचले नाहीत. त्याच काळात मिशिगनची पाइन वृक्षांची अफाट जंगले वेगाने तोडली जात होती. राज्याच्या वन आयोगाचे काम त्यांनी अंगावर घेतले. १८८८ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी मिशिगनच्या उत्तर भागातील ओसाड पाइन पट्ट्यातून वनस्पतींच्या पाहणीसाठी प्रवास केला आणि १८९६ मध्ये महाविद्यालयाच्या जमिनीवर पाइनची लागवड केली. लावणाऱ्याला सावली मिळू नये अशी कामे हाती घेणे, हा जणू त्यांचा स्वभावच होता.

बाटल्या मात्र वेळेवर निघत राहिल्या. १८८४, १८८९, १८९४ असे करीत बील यांनी स्वतःच्या कारकिर्दीत सहा बाटल्यांचे निकाल पाहिले. अनेक तणांचे बी पंचवीस, तीस वर्षांनंतरही उगवत होते. शेतकऱ्यांना पडलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेवढ्याने मिळाले होते. एका हंगामात तण बी धरून गेले, तर त्याचा भार त्या शेतातील माणसाच्या मुलानातवंडांनाही वाहावा लागतो, ही गोष्ट आता अंदाजाची राहिली नव्हती. तण फुलण्यापूर्वी काढावे, या जुन्या शहाणपणामागे प्रथमच मोजलेली वर्षे उभी राहिली.

१९१० मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, बील निवृत्त झाले. त्यांची कन्या जेसी हिचा विवाह प्रसिद्ध पत्रकार रे स्टॅनर्ड बेकर यांच्याशी झाला होता. बेकर हेही मूळचे त्याच महाविद्यालयाचे, बील यांचे विद्यार्थी. मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅमहर्स्ट येथे या कुटुंबाच्या सहवासात बील यांची अखेरची वर्षे गेली. महाविद्यालयाचा इतिहास त्यांनी तेथूनच पूर्ण केला आणि तो १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ मे १९२४ रोजी, वयाची ९१ वर्षे पूर्ण करून, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

निवृत्तीपूर्वीच प्रयोगाची सूत्रे तरुण सहकाऱ्यांकडे देण्याची सोय त्यांना करावी लागली. हा टप्पा सर्वांत नाजूक होता. बाटल्या पुरणाऱ्याचे कुतूहल पुढच्या माणसात उतरेलच, याची हमी कोण देणार? नवे प्राध्यापक नव्या प्रश्नांत रमतात, आवारात नव्या इमारती उठतात, जुने नकाशे हरवतात. एकाने जरी कंटाळा केला असता, तरी साखळी तुटली असती. तसे झाले नाही. हेन्री डार्लिंग्टन यांनी हे काम पुढे नेले, तेही इतक्या निष्ठेने की १९६० च्या बाटलीच्या अहवालावरही त्यांचे नाव आहे. बी अपेक्षेहून चिवट निघाले, हे पाहून उत्तराधिकाऱ्यांनी बेतही बदलला. १९१९ ची बाटली १९२० मध्ये काढण्यात आली आणि त्यानंतर पाचाऐवजी दहा वर्षांचे अंतर ठेवण्यात आले. १९८० नंतर ते वीस वर्षांचे झाले. शंभर वर्षांचा प्रयोग अशा रीतीने सव्वादोनशे वर्षांचा झाला.

निकालांची गोष्टही चकित करणारी आहे. पन्नास वर्षांनंतरच्या बाटलीत पाच जाती जिवंत होत्या. त्यांत काळी मोहरी होती. ऐंशी वर्षांनंतर तीनच उरल्या : संध्याकाळी उमलणाऱ्या पिवळ्या फुलांची इव्हिनिंग प्रिमरोझ, आपल्याकडील चुक्याच्या कुळातील एक तण आणि मॉथ मुलेन नावाचे उंच दांड्याचे, पिवळ्या वा पांढऱ्या फुलांचे तण. शंभर वर्षांच्या बाटलीत पुन्हा तीन जाती उगवल्या. मात्र त्या तिन्ही मागच्याच नव्हत्या. मॉथ मुलेन होतेच. त्याच्या जोडीला त्याचे भाईबंद साधे मुलेन आणि भेंडी-जास्वंदाच्या कुळातील मॅलो यांचे एकेक बी उगवले होते. वीस वर्षांपूर्वी या दोहोंपैकी एकही उगवले नव्हते, तेव्हा कोणी त्यांना मृत ठरवले असते तर ते चुकले असते. २००० साली १२० वर्षांच्या बाटलीतून मॉथ मुलेनच्या ५० पैकी २३ बियांची रोपे झाली. उरलेल्या वाळूला काही काळ थंडी दिल्यावर मॅलोचे एक बी जागे झाले. न उगवलेले बी आणि मेलेले बी यांत फरक असतो, हा बील यांच्या बाटल्यांनी दिलेला सर्वांत खोल धडा होय. योग्य किल्ली लागेपर्यंत कुलूप आणि भिंत यांतील भेद कळत नाही.

मॉथ मुलेनच्या कुलपाची एक किल्ली उजेड आहे. बाटलीत ओलावा होता, हवा होती. नव्हता तो प्रकाश. उजेडाचे हे कोडे १९५२ मध्ये अमेरिकेतच, मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथील कृषी संशोधन केंद्रात उलगडू लागले. हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या ओल्या बियांवर लाल प्रकाश टाकला, तेव्हा त्या उगवल्या. पाठोपाठ अतिलाल प्रकाश टाकला, तेव्हा उगवण थांबली. आलटून पालटून कितीही वेळा प्रकाश टाकला, तरी शेवटचा रंग कोणता यावरच निर्णय होई. बियांमधील ज्या रंगद्रव्यामुळे हे घडते त्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळाले. दाट पानांखाली पोहोचणाऱ्या प्रकाशात लाल भाग कमी आणि अतिलाल अधिक असतो. त्यामुळे आपल्यावर दुसऱ्या झाडांची सावली आहे की मोकळे आकाश, हे बियांना ओळखता येते. खोल मातीत तर काळोखच असतो. नांगराने माती उलथली, बी क्षणभर उजेडात आले, की त्याला बोलावणे पोहोचते. नांगरटीनंतर तणे उसळून का येतात, याचे एक कारण हे आहे.

म्हणूनच अलीकडच्या बाटल्या अंधारात काढल्या जातात. सोळावी बाटली २०२० मध्ये निघायची होती. महासाथीमुळे ती एप्रिल २०२१ मध्ये, पहाट होण्यापूर्वी काढण्यात आली. सूर्यप्रकाशाचा कवडसाही वाळूवर पडू नये, यासाठी संशोधकांनी हिरव्या प्रकाशाचे दिवे वापरले, कारण त्या प्रकाशाचा बियांवर परिणाम अत्यल्प होतो. बाटल्यांची नेमकी जागा मोजक्या लोकांनाच ठाऊक असते आणि तिचा नकाशा एका पिढीकडून दुसरीकडे सोपवला जातो. १४१ वर्षे वाळूत राहिलेल्या त्या बियांपैकी २० उगवल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीतून असे दिसले की त्यांपैकी १९ मॉथ मुलेनच्या होत्या आणि एक बी मॉथ मुलेन व साधे मुलेन यांच्या संकरातून आलेले होते. मक्याचा संकर घडवणाऱ्या बील यांनी हा दुसरा संकर नकळत बाटलीत भरला होता. डीएनए या रेणूची रचना त्यांच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी, १९५३ मध्ये उलगडली. त्यांनी ठेवलेल्या बियांना असे प्रश्न विचारता येतील, हे त्यांना कल्पनेतही सुचणे शक्य नव्हते.

या प्रयोगाचे मोल आता तणांपुरते उरलेले नाही. नष्टप्राय झालेल्या वनस्पती एखाद्या पडीक जमिनीतून पुन्हा उभ्या राहू शकतील का, तोडलेल्या जंगलाच्या मातीत पूर्वीच्या झाडोऱ्याचा किती ठेवा शिल्लक असतो, बियाण्यांच्या पेढ्यांतील साठा किती वर्षांनी तपासावा, असे प्रश्न आज जगभर विचारले जात आहेत. त्यांची उत्तरे घाईने मिळत नाहीत. प्रयोगशाळेत उष्णता आणि दमटपणा वाढवून बियांचे वार्धक्य लवकर आणता येते. परंतु दीडशे वर्षांचा खरा काळ कोणत्याही यंत्रात तयार करता येत नाही. तो कोणीतरी आधी सुरू करून ठेवावा लागतो.

मिशिगनच्या त्या वाळूत आज चार बाटल्या शिल्लक आहेत. ठरल्याप्रमाणे त्या २०४०, २०६०, २०८० आणि २१०० मध्ये काढल्या जातील. शेवटची बाटली उघडणाऱ्या व्यक्तीचा बहुधा अजून जन्मही झालेला नाही. तिच्या हाती बील यांनी मोजून ठेवलेल्या १०५० बिया येतील. त्यांतील किती उगवतील, हे आज कोणालाच ठाऊक नाही.